साहेबांपेक्षा एक पायरी खाली

पांघरुणातून नाक बाहेर काढा. रॉकेलचा वास येतोय? घाबरू नका, बायकोने शेजारच्या खोलीत शेगडी पेटवली आहे. आता पाय खाली टेकवा. गवती चटई तळव्यांना गारढोण लागते. स्वयंपाकघरातून खारवलेला मासा भाजल्याचा धूर येतोय आणि तोंडासमोर तुमच्याच श्वासाची वाफ दिसतेय.

"अहो, खाली बघा. डेंटिस्टसाहेब उठलेसुद्धा," बायको खिडकीतून सांगते.

तुम्ही टोकियोत आहात. सेतागाया भाग, डिसेंबर १९८९, शनिवारची सकाळ. उद्या संध्याकाळपर्यंत हे आयुष्य तुमचं. वय बेचाळीस, एका व्यापारी कंपनीत सेक्शनचे प्रमुख. हिवाळी बोनस नुकताच खात्यात जमा झालाय आणि शहरातल्या प्रत्येक गाडीविक्रेत्याला त्याचा वास लागलाय. काम एकच आहे, गाडी घ्यायची. सोपं वाटतं ना? जाड कोट चढवा आणि खाली चला. किती जणांच्या डोळ्यांना विचारून गाडी घ्यावी लागते, ते या दोन दिवसांत कळेल.

गल्ली इतकी अरुंद की दोन्ही हात पसरलेत तर एक बाजू भिंतीला लागेल. टोकाला महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या पार्किंगच्या जागा आहेत. डेंटिस्टसाहेब हातात पिसांचा लांब झाडण घेऊन मर्सिडीजवरची धूळ झटकतायत. छप्पर, मग बॉनेट, मग डिकी. पाण्याचा थेंब नाही, फडक्याचा स्पर्श नाही, नुसता पिसांचा फटफट आवाज. गाडी त्यांची १९०ई, मर्सिडीजमधली धाकटी. लोक तिला मागे ‘छोटी बेंझ’ म्हणतात, साहेबांच्या समोर मात्र ‘बेंझ’. मागच्या काचेच्या कोपऱ्यातला तो इवलासा स्टिकर बघा, यानासे कंपनीचा. मर्सिडीज जपानात आणून विकणारी ही जुनी पेढी. हीच गाडी दुसऱ्या कुणी परस्पर जर्मनीहून मागवली तर स्वस्त पडते. इंजिन तेच, पत्रा तोच. पण काचेवर यानासे नसेल तर ती विकताना भाव पडतो आणि गल्लीत कुजबुज होते. म्हणून डेंटिस्टसाहेब काचेच्या त्या कोपऱ्यापाशी झाडण जरा हळुवार फिरवतात.

आता स्वतःच्या गाडीकडे वळा. टोयोटाची मार्क टू, पांढरीशुभ्र. पांढरीच का? कारण या दशकात सभ्य माणसाची गाडी पांढरी असते. रांगेत नजर टाका, बर्फ पडल्याचा भास होईल. दार उघडा. आत गडद तांबडं मखमल. हात उलटा फिरवलात की रेषा उमटते, सुलटा फिरवलात की पुसते. सीटच्या वरच्या अर्ध्या भागावर पांढरी लेसची खोळ, दर महिन्याला धुतलेली. डॅशबोर्डवर मुकुटाच्या आकाराचं झाकण असलेली अत्तराची कुपी, पॉपी नावाची. उन्हाळ्यात तिच्या गोड वासाने मुलीला उलटी झाली होती, पण ती कुपी काही तुम्ही हलवली नाहीत. गाडीत बसणाऱ्या पाहुण्याला मुकुट दिसला पाहिजे.

वाईट गाडी नाही ही. उत्तम आहे. पण तुम्ही सेक्शनप्रमुख होऊन दोन वर्षं झाली आणि गाडी अजून त्याच्या आधीची आहे. कंपनीत हे सगळ्यांच्या लक्षात आलेलं आहे.

दहाच्या ठोक्याला बेल वाजते. विक्रेता आलाय. इथे तुम्ही शोरूममध्ये जायचं नसतं, शोरूमच तुमच्या घरी येतं. बूट काढून त्याने टोकं दाराकडे वळवून ठेवले, गुडघे मुडपून बसला, आणि पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरची गुंडाळी दोन्ही हातांनी पुढे केली. सहा-सात वर्षं तो येतोय. गाडीची सरकारी तपासणी तोच करून आणतो, विम्याचे कागद तोच भरतो, मुलीची प्रवेशपरीक्षा फेब्रुवारीत आहे हे त्याला तुमच्याआधी आठवतं. चहाचा पहिला घोट होईपर्यंत गाडीचा विषय निघत नाही. मग तो अगदी हलक्या आवाजात विचारतो, "हल्ली ऑफिसात विभागप्रमुख साहेब कोणती गाडी चालवतात?"

बघा, इंजिन किती ताकदीचं हवं, मायलेज किती हवं, यातलं काही नाही. पहिला प्रश्न साहेबांच्या गाडीचा.

टोयोटाने एक शिडीच बांधून ठेवली आहे. नोकरी लागली की कोरोला. लग्न, पहिलं मूल, मग कोरोना. थोडं स्थिरस्थावर झालात की मार्क टू. आणि वर क्राउन. ‘कधीतरी क्राउन’ अशी टोयोटाची जाहिरातच होती १९८३ साली, आणि ती देशाच्या मनात अशी बसली की पुरुषांनी आयुष्याचं मोजमाप त्यातच करायला सुरुवात केली. या शिडीचा एक नियम कुठल्याही कॅटलॉगमध्ये छापलेला नाही, आणि तो मोडायची हिंमत फार थोडे करतात. साहेबांच्या पायरीवर चढायचं नाही. तुमचे विभागप्रमुख क्राउन चालवतात. म्हणजे क्राउन बंद. पैसे असले तरी बंद.

विक्रेता मान डोलावतो. कॅटलॉग उघडतो, जाड, गुळगुळीत पानांचे, चित्रकाराच्या संग्रहासारखे. शाईचा ताजा वास येतो. तो घाई करत नाही. "उद्या दुपारी येतो," म्हणतो. "उद्याचा दिवस शुभ आहे."

आता बाहेर पडा. गिंझाला जाऊ. उपनगरी गाडी, मग शिंजुकूला बदलून भुयारी मारुनोउची लाइन. डब्यात शिरताना कोणी ढकललं तर वळून बघू नका, इथे ढकलणं हा प्रवासाचाच भाग आहे. बसायला जागा मिळाली तर मात्र सावध राहा. सीटखाली हीटर आहे, पोटऱ्या भाजून निघतील. वर डोकं घामेजतं, कोटांना डांबरगोळ्यांचा वास, कोणाच्या तरी केसांना तेलाचा, कोणाच्या गळ्याला ‘पॉइझन’ अत्तराचा, इतका दाट की जिभेवर चव येते. डोक्यावर कागदी जाहिराती लोंबतायत. गाड्यांच्या, घड्याळांच्या, स्कीइंगच्या सहलींच्या. समोरचा माणूस झोपलाय असं वाटतं, पण त्याचे डोळे किलकिले आहेत आणि तो तुमच्या बुटांकडे बघतोय.

गिंझा चार-चोमेच्या चौकात वर आलात की गर्दी तुम्हाला उचलून नेईल. समोर वाको दुकानावरचं घड्याळ, अलीकडे मित्सुकोशी, आणि चौकाच्या कोपऱ्यावरच निस्सानचं दालन. आत शिरा. गारव्यातून एकदम ऊब, आणि मग तो वास, नव्या चामड्याचा आणि मेणाचा. गणवेशातली ‘मिस फेअरलेडी’ कमरेतून वाकून स्वागत करते. १९६३ पासून या दालनात गाडीशेजारी उभं राहून गाडीची ओळख करून देणं हे या मुलींचं काम. तिच्या आवाजात गाडीबद्दल इतका आदर आहे की तुम्हीही नकळत आवाज खाली आणता.

मध्यभागी सीमा उभी आहे. निस्सानने ही १९८८ च्या जानेवारीत आणली आणि पहिल्याच वर्षात ३६,००० हून अधिक खपली. इतक्या महागड्या गाडीचा इतका खप कोणी पाहिला नव्हता. वर्तमानपत्रांनी ‘सीमा प्रकरण’ असं नावच पाडलं. तीन लिटरचं टर्बो इंजिन, २५५ अश्वशक्ती. दार लावून बघा. ‘धप्’ असा जाड आवाज होतो आणि बाहेरची गिंझा बंद होते. माणसं काचेपलीकडे तोंडं हलवतायत, ऐकू काही येत नाही. या एका आवाजासाठी लोक बँकेत हप्ते बांधून घेतात.

पण सीमा बघायची खरी जागा दालनात नाही. बाहेर या, सिग्नलजवळ उभे राहा. ती बघा, पांढरी, रांगेत सगळ्यात पुढे. हिरवा दिवा लागला, चालकाने पाय दाबला, आणि गाडीचं मागचं अंग खाली बसलं, नाक वर आलं, आणि पळण्याआधी क्षणभर ती मांडी घातल्यासारखी दबली. मग सूं करून गेली. फुटपाथवरच्या सगळ्यांनी मान वळवली. क्राउन कधी असं करत नाही. क्राउन सांगते की मी वेळ झाल्यावर वर आलो. सीमा सांगते की मी थांबलो नाही. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत शेअर किंवा जमिनीत पैसा केला, त्यांना थांबायचं नव्हतंच. त्यांना शिडी नको होती, बाजूने वर उडी मारायची होती, आणि निस्सानने त्यांना हवी ती गाडी दिली. माझ्या मते ‘सीमा प्रकरण’ म्हणजे एवढंच, आणि ते कमी नाही.

दालनात परत चला, एक गाडी बघायची राहिली. इन्फिनिटी क्यू ४५. अमेरिकेसाठी बनवलेली, गेल्या महिन्यातच इथे विकायला आलेली. तिच्यासमोर लोक वाकतात, परत सरळ होतात, पुन्हा वाकतात. काहीतरी शोधतायत. गाडीला पुढे जाळीच नाही. गुळगुळीत नाक, आणि मधे मीनाकारीच्या कामाचं नक्षीदार चिन्ह, इतकं सुंदर की बोट फिरवावंसं वाटतं. आत पैसे जास्त मोजले तर सोनेरी कण पेरलेला, लाखेचा हात दिलेला डॅशबोर्डही मिळतो. जपानी कारागिरीचा यापेक्षा चांगला नमुना मोटारीवर मी तरी पाहिला नाही. तरी एक आजोबा नातवाला विचारतायत, "हिचं तोंड कुठे आहे रे?" मोठ्या माणसाच्या गाडीला चकचकीत जाळी असते, मर्सिडीजला असते, क्राउनला असते. आरशात मागून येणारी जाळी दिसली की पुढचा आपोआप बाजूला होतो. जाळी नाही तर आरशात कळणार काय? सुंदर वस्तू आणि ओळखता येणारी वस्तू यांत टोकियो दुसरी निवडतं. क्यू ४५ चं मला फार वाईट वाटतं.

अंधार पडायला लागलाय. युराकुचोच्या रेल्वेपुलाखालून जाऊ. कमानींमध्ये कोंबडीच्या तुकड्यांच्या सळया निखाऱ्यांवर फिरतायत, चरबी ठिबकते, निळा धूर डोळ्यांत जातो, वरून दर दोन मिनिटांनी लोकल धडधडते आणि पेल्यातली बिअर थरथरते. वर्षअखेरीच्या पार्ट्यांचा मोसम. सगळ्या कंपन्यांची माणसं टाय डोक्याला बांधून गातायत. दोन सळया खा, थोडं मीठ मागून घ्या, आणि पुढे गिंझाच्या मागल्या गल्ल्यांत चला. तिथे एकदम शांतता आहे.

शांतता गाड्यांची आहे. काळ्या सेंचुरी एकामागे एक उभ्या. सेंचुरी टोयोटाच बनवते, पण बाहेर कुठेही टोयोटाची खूण सापडणार नाही. पुढे फिनिक्स पक्षी आहे, बस्स. १९६७ साली होती तशीच ती जवळजवळ आजही दिसते. मागच्या काचेला लेसचा पडदा, सीटवर चामडं नाही, लोकर. चामडं बसल्यावर कुरकुरतं, लोकर गप्प बसते. पांढऱ्या हातमोज्यांचा चालक दार उघडून थांबलाय. ही गाडी तुम्ही ‘घेत’ नाही. कंपनीच्या अध्यक्षपदाबरोबर ती येते. फुटपाथवर रात्रीचे पोर्टर आहेत, ते क्लबात जाणाऱ्यांच्या किल्ल्या घेऊन गाड्या लावतात. कोण कुठल्या गाडीतून उतरला हे त्यांना पक्कं माहीत असतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी काळ्या काचांची, काळी, लांब मर्सिडीज वळते आणि पोर्टरसुद्धा एक पाऊल मागे सरतो. विचारू नका. टोळ्यांची माणसं अशीच गाडी वापरतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. म्हणून बघा, डेंटिस्टसाहेबांनी मर्सिडीज घेतली ती छोटी आणि फिक्या रंगाची. एकच चांदणी एकाला रस्ता मोकळा करून देते आणि दुसऱ्याला रंग निवडताना घाबरवते.

रात्रीचे अकरा. तुमच्या सेक्शनमधला सत्तावीस वर्षांचा धाकटा सहकारी पार्टी संपवून म्हणतो, "सर, रोप्पोंगीपर्यंत चला ना, मग घरी सोडतो." त्याने दारूला हात लावलेला नाही, कारण त्याला एका मुलीला डिस्कोतून घरी पोचवायचंय. अशा मुलांना टोकियोच्या मुली ‘आश्शी’ म्हणतात. गाडीचे पाय असलेला पोरगा. जेवण घालणारा निराळा, भेटी देणारा निराळा, हा फक्त ने-आण करतो. आणि ने-आण करायची तर गाडी बीएमडब्ल्यू लागते.

बसा. नाही नाही, तिकडून नाही, उजवीकडून. चालक डावीकडे बसतो. जपानात गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, मग चालक उजवीकडे बसायला हवा. बीएमडब्ल्यू तसं उजवं स्टीअरिंग देतेही. पण हा म्हणतो, "उजवं घेतलं तर विदेशी घेऊन उपयोग काय?" ओव्हरटेक करताना त्याला पुढचं काही दिसत नाही, तो तुम्हाला विचारतो, "येतंय का काही?" आणि तुम्ही जीव मुठीत धरून सांगता, "थांब, ट्रक!"

रोप्पोंगीच्या चौकात आलात. आलमोंद कॅफेच्या गुलाबी पट्ट्यांच्या छताखाली मुलींची गर्दी, लांब सरळ केस, अंगाला चिकटलेले कपडे, थंडीत उघडे पाय. पेजर वाजतायत, हॉर्न वाजतायत, कुठल्याशा दारातून ढोलाचे ठोके छातीवर आदळतायत. रस्त्याच्या मधे उभा राहून एक माणूस टॅक्सीसाठी दहा हजार येनची नोट हलवतोय. टॅक्सी त्याच्यासमोरून निघून जाते, कारण पुढच्याने दोन नोटा धरल्या आहेत. आणि गाड्या बघा. ३२०आय, ३१८आय, ३२०आय, पुन्हा ३२०आय. इतक्या की लोकांनी या गाडीचं नाव ‘रोप्पोंगीची कोरोला’ ठेवलंय. बीएमडब्ल्यूने १९८१ साली इथे स्वतःची कंपनी काढली, कमी व्याजाचं कर्ज देऊ केलं, आणि जी गाडी डॉक्टर-कारखानदारांची होती ती हप्त्यांवर नोकरदाराच्या मुलाला मिळायला लागली. तुमच्या सहकाऱ्याचा चेहरा बघा. ते टोपणनाव ऐकलं की त्याचा जबडा आवळतो. त्याने पाच वर्षांचे हप्ते ज्या वेगळेपणासाठी बांधले, तो वेगळेपणा या चौकात सिग्नल लागेपर्यंतही टिकला नाही.

त्याच्या डिकीवर कारफोनची आखूड अँटेना आहे. फोन मात्र नाही. नुसती अँटेना दुकानात मिळते, चिकटवायची. मला याचं हसू येत नाही. हा मुलगा कंपनीच्या हॉस्टेलवर राहतो, दहा बाय दहाची खोली, सामायिक न्हाणीघर. टोकियोत जमिनीचे भाव असे चढलेत की बँका बापाने घ्यायचं आणि मुलाने फेडायचं असं दोन पिढ्यांचं कर्ज देतायत. घर त्याला या जन्मी परवडणार नाही हे त्याने मान्य केलंय. मग हातात आलेल्या पगाराचं करायचं काय? घर कोणाला दाखवता येत नाही, तर गाडी दाखवायची. त्याला उथळ म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या खोलीत रात्र काढावी.

मुलगी अझाबु-जुबानला ‘महाराजा’च्या दारात थांबली आहे. हो, खरोखर तेच नाव, टोकियोतला सगळ्यात गाजलेला डिस्को. काळ्या सुटातले दारवान प्रत्येकाला डोक्यापासून बुटांपर्यंत तपासतात आणि कपडे पसंत पडले नाहीत तर दारातूनच परत पाठवतात. दार उघडलं की आतून घाम, सिगारेट आणि अत्तराची गरम लाट बाहेर येते. मुलगी मागच्या सीटवर बसते, गाडीकडे एक नजर टाकते, "बीएम?" म्हणते, आणि झोपी जाते.

परतताना शहरावरून जाणारा एक्स्प्रेस-वे घ्यायचा. चढणीवर टोलनाका, आणि खिडकी अर्थातच उजवीकडे, तुमच्या बाजूला. तुम्ही नसता तर? तो सीटखालून प्लॅस्टिकचा लांब चिमटा काढून दाखवतो. एकटा असला की चिमट्यात पैसे धरून, आडवा होऊन, उजव्या काचेतून हात बाहेर. मागचे हॉर्न देतात, पावसाळ्यात बाही भिजते. हे सगळं तो रोज करतो आणि डावं स्टीअरिंग सोडत नाही. इंजिनाच्या कुठल्याही गुणापेक्षा हा चिमटाच मला जास्त सांगून जातो.

रविवार. डोकं जड आहे, कोतात्सू टेबलाच्या चादरीखाली पाय सारा, खालच्या हीटरने बरं वाटेल. संत्री सोलली जातायत. गल्लीतून रताळी भाजणाऱ्याची गाडी हेल काढत फिरतेय, जळक्या लाकडाचा गोड वास येतोय. बायको म्हणते, "मिताकाच्या ताईंकडे व्होल्वो आहे, लांबडी. प्रोफेसर लोक घेतात. कोणी मोठं म्हणत नाही, कोणी छोटं म्हणत नाही." तिचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. विदेशी गाडी टोयोटाच्या शिडीवर बसतच नाही. व्होल्वो म्हणजे शिकलेलं, मुलांची काळजी घेणारं कुटुंब; साहेब तिला कुठल्या पायरीवर ठेवणार? तुम्ही जवळजवळ ‘हो’ म्हणता. तेवढ्यात तिला काहीतरी आठवतं.

"अहो, सांगायचंच राहिलं. वर्षअखेरीच्या भेटी घ्यायला गेले होते ना डिपार्टमेंट स्टोअरला, तिथे तुमच्या साहेबांच्या बाई भेटल्या. त्यांनी सेल्सिओ नोंदवली आहे म्हणे."

हातातलं संत्रं खाली ठेवा. सेल्सिओ! ऑक्टोबरमध्ये आलेली, अमेरिकेत लेक्सस म्हणून विकली जाणारी. टोयोटाची तीन अंडाकृतींची नवी खूण पहिल्यांदा लागली ती हिलाच. इंजिन चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागतं म्हणतात. इथे ती लेक्सस नाही, टोयोटाच्याच दुकानात मिळते, पण टोयोटाने क्राउनच्या वर एक नवी पायरी बांधली आणि साहेब तिच्यावर चढले. म्हणजे खालची पायरी रिकामी झाली.

तुम्ही आणि बायको एकमेकांकडे बघता. व्होल्वोचा विषय पुन्हा निघत नाही.

दुपारी विक्रेता येतो. तुम्ही फक्त "क्राउन" म्हणता आणि तो इतका खाली वाकतो की चटईला कपाळ टेकेल. साहेबांच्या सेल्सिओबद्दल त्याला माहीत होतं का? चेहऱ्यावरून कळत नाही, पण काल त्याने घाई केली नव्हती. रंग पांढरा, विचारायचीही गरज नाही. इंजिन दोन लिटरचं की तीनचं? इथे तो कागद पुढे करतो. एप्रिलपासून कर बदललेत. तीन लिटरच्या गाडीचा वर्षाचा कर ८१,५०० येन होता, तो ५१,००० झाला. म्हणजे नंबरप्लेटवर ५ ऐवजी ३ ने सुरू होणारा आकडा आता तुमच्या आवाक्यात आहे. तो छोटा आकडा गल्लीतलं प्रत्येक पोर वाचतं. मोठ्या गाडीचा आकडा. तुम्ही तीन लिटर म्हणता. बायको हप्ते मोजते, दोनदा मोजते, आणि शिक्क्याची डबी आणून देते. लाल शाईत बुडवून दाबा, नीट, सरळ. झालं. गाडी मिळायचा दिवसही पंचांगातला शुभच बघायचा, आणि मिळाल्यावर थेट कावासाकी दाइशीच्या देवळात न्यायची. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, तसा तिथे पुजारी गाड्यांसाठी मंत्र म्हणतो आणि ताईत देतो.

पण अजून एक काम उरलंय, आणि त्याच्याशिवाय टोकियोत गाडी तुमच्या नावावर होत नाही. गाडी ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो. विक्रेता कोट चढवतो, तुम्ही चपला सरकवता, तिघं गल्लीच्या टोकाला जाता. तो खिशातून टेप काढतो, गुडघ्यांवर बसतो, तुमच्या मार्क टूच्या दोन्ही बाजूंना टेप धरतो. तुमच्या जुन्या गाडीची रुंदी १ मीटर ७० सेंटिमीटरच्या आत आहे. तीन लिटरची क्राउन हार्डटॉप १ मीटर ७४.५ सेंटिमीटर. जवळजवळ पाच सेंटिमीटर जास्त. टेप डेंटिस्टसाहेबांच्या खांबाला लागतो.

"बसेल," तो म्हणतो. "पण चालकाचं दार पूर्ण उघडणार नाही. पोट आत घेऊन बाहेर पडावं लागेल."

बायको तुमच्या पोटाकडे बघते आणि म्हणते, "घेतील ते."

डेंटिस्टसाहेब झाडण हातात घेऊन बाहेर आलेत आणि टेपवरचा आकडा वाचतायत. विक्रेता त्यांना वाकून नमस्कार करतो, फॉर्मवरच्या चौकोनात भिंत, खांब आणि गल्लीचं माप पेन्सिलीने काढतो. मंगळवारपर्यंत हा फॉर्म पोलिस ठाण्यात जाईल.